आठ सेकंदांची आई

"माय, फोर-के केलंय मी. फोर-के. तरी तोंड का दिसत नाही?"

मठाच्या मंडपात टीव्हीसमोर उभा राहून दौलत शूटिंगवाला विचारत होता. पंचावन्न इंची टीव्ही, टेम्पोत घालून आणलेला. उद्या त्याच्या आईचं, कोंडाबाईचं वर्षश्राद्ध. पंगतीसमोर तिला दाखवायची होती.

पंचक्रोशीतली हजार लग्नं या गड्यानं शूट केली. परक्या आयांच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा टिपलं. स्वतःच्या आईवर कॅमेरा कधी धरला नाही. उरले ते बहिणीच्या जुन्या, बटणांच्या मोबाइलमधले आठ सेकंद.

भागिरथीमाय शेंगा फोडत बसली होती. मठ तीच सांभाळायची. तिनं मान वर केली नाही.

"फोर-के म्हंजे?"

"रेझोल्युशन. पडद्यावर ठिपके किती, त्याचं माप. त्या मोबाइलनं आडवे पावणेदोनशे ठिपके घेतले, उभे दीडशेसुद्धा नाहीत. मी एकेका ठिपक्याच्या जागी सव्वादोनशे केले."

"ते नवे आणलेस कुठनं?"

"त्याच ठिपक्यातनं. कॉम्प्युटर करतो."

"म्हंजे वाटीभर ताकात घागरभर पाणी ओतलंस. आणि आता लोणी हुडकतोस."

दौलतचे कान तापले. "माय, तुला यातलं काय कळतंय…"

"नाही कळत. लाव."

त्यानं लावलं. चौकोनच चौकोन. मातकट, काळे, मधे एक हिरवा पट्टा. नाक कुठलं, डोळा कुठला, पोटच्या पोराला सांगता येईना. डोळे मिटले तरी आता तिचं तोंड समोर येत नव्हतं. हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"गाभाऱ्यातनं बाहेर कसा निघतोस?" मायनं विचारलं.

"देवाला पाठ न दाखवता. मागं मागं."

"मग नीघ."

तो हसला. तरी निघाला. एक पाऊल, दुसरं… आठ सेकंद संपायचे, पुन्हा सुरू व्हायचे. खांब गेले, उंबरा गेला, पायऱ्या गेल्या. अंगणातल्या लिंबाला पाठ टेकली.

आणि चौकोन एकमेकांत विरघळले.

कोंडाबाई होती. हिरव्या पदराची. तिनं केस कानामागं सारले, वर पाहिलं आणि पुढच्या दातांतली फट दाखवत हसली.

दौलत पळतच आत आला. चौकोन.

मागं गेला. आई.

पुन्हा आत. चौकोन…

तिसऱ्या खेपेला तो लिंबाखाली मटकन बसला. हात कधी जुळले, त्यालाही कळलं नाही.

माय सुपातल्या शेंगा घेऊन शेजारी येऊन बसली.

"माय… एवढी माझी आई, एवढ्याशा ठिपक्यांत मावली कशी?"

"तू तिच्या पोटात मावलास तशी."