काळी गुंज आणि करवंटी हलवणारे कासव

ही गोष्ट प्रस्तुत लेखकाने दोन वर्षांपूर्वी, दिवाळी पाडव्याच्या दुपारी, चिपळूण येथे श्री. मनोहर खातू यांच्या तोंडून ऐकली. घरात तीनपत्तीचा डाव रंगला होता. डावामागून डाव हरणारे एक पाहुणे खातूंच्या पत्ते पिसणाऱ्या भाच्याच्या बोटांकडे रोखून पाहू लागले, तेव्हा खातूकाकांनी सर्वांना पत्ते खाली ठेवायला लावले आणि ती सांगितली. बालमित्रांनो, जशी ऐकली तशीच ती येथे दिली आहे.

डोंगराच्या उतरणीवर, एका डोहाच्या काठी, साळिंदराचे प्रशस्त बीळ होते. दुपार झाली की खार आणि ससा तेथे खेळायला जमत. खेळ अगदी साधा. करवंटीत गुंजेच्या तीन बिया टाकायच्या. दोन लाल, एक काळी. तिघांनी डोळे मिटून एकेक उचलायची. काळी ज्याच्या हाती येईल, त्याने इतर दोघांना भुईमुगाच्या शेंगा द्यायच्या. करवंटी हलवण्याचे काम डोहातल्या म्हाताऱ्या कासवाकडे असे, कारण ते शेंगा खात नसे. ज्याला काही जिंकायचे नाही त्यानेच करवंटी धरावी, असा त्या बिळाचा रिवाज होता.

एका वर्षी चैत्र सरता सरता खारीचे दैव फिरले. काळी गुंज तिचा पिच्छाच सोडीना. तिने जागा बदलून पाहिली, सर्वांच्या आधी उचलून पाहिली, सर्वांच्या नंतर उचलून पाहिली, हाती काळीच. पावसाळ्यासाठी ढोलीत साठवलेल्या शेंगांचा तळ दिसू लागला, आणि ढोलीत पिल्ले होती.

"या खारूताई, या!" ससा तिला पाहताच म्हणे. "तुमच्याशिवाय काळीला करमत नाही."

अखेर एकदा खारीने कासवालाच विचारले, "आजोबा, खरं सांगा, हलवताना नक्की काय करता तुम्ही?"

"हलवतो, बाई. आणखी काय करणार?" कासव म्हणाले. "मागच्या खेपेला कोण हरलं, हे त्या बीला कोण सांगायला जातंय?"

"मग सारखी माझ्याच वाट्याला कशी?"

"आपण वर्षानुवर्षं खेळतोय. इतक्या फेऱ्यांत कधी ना कधी कुणावर तरी अशी रांग लागायचीच. या खेपेला तू सापडलीस. उलट, अशी रांग कुणावर कधीच लागली नसती, तर मीच करवंटी उलटी करून पाहिली असती. झेपत नसेल, तर थोडे दिवस खेळू नकोस."

उत्तर चोख होते. खारीला ते पटलेही असावे. पण त्या उत्तरात रागावण्यासाठी कोणीच नव्हते, आणि तिला कोणावर तरी रागवायचे होते.

ती साळिंदराकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, ज्याला शेंगाच नकोत, तो रोज इथं येतो कशाला?"

साळिंदर विचारात पडले. कासवाला काही नको होते, म्हणून तर त्याच्यावर आजवर विश्वास होता; आता तेच संशयाचे कारण झाले. ससा जिंकत होता. त्याने आपल्या शेंगा जवळ ओढून घेतल्या.

"माझ्या बिळात लबाडी चालायची नाही," साळिंदर गुरगुरले. त्याने कासवाला ढकलत ढकलत खिंडीपलीकडच्या उघड्या कातळावर नेले. कातळ तापून लाल झाला होता. मागच्या डोहावर यायला बंदी, आणि पुढचा ओढा फार दूर.

"निदान पाण्याजवळ तरी सोडा रे," कासव म्हणाले. "या उन्हात माझ्याच्यानं एवढं चालवायचं नाही."

मागोमाग आलेल्या खारीने ते ऐकले आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सशाने करवंटी हलवली. तिघांनी बिया उचलल्या. खारीने मूठ उघडली. काळी.

"आजोबा गेले," ससा चाचरत म्हणाला, "ही मात्र इथंच राहिली."

कासवाचे शब्द खारीच्या अगदी ओठांवर आले. ही नुसती रांग आहे, आपोआप मोडेल, एवढे ती बोलली असती, तर साळिंदर त्याच पावली खिंडीकडे धावले असते. कदाचित अजून वेळ होती. पण तसे म्हणायचे, तर कासव निरपराध ठरत होते. आणि कासव निरपराध ठरले, तर त्याला त्या कातळावर कोणी पाठवले?

खारीने मूठ मिटून घेतली.

"ससोबा," ती म्हणाली, "आज करवंटी तुम्हीच हलवलीत ना?"

"अहो, काहीतरीच काय! तुमच्या समोरच तर..."

साळिंदर उठले, बिळाच्या तोंडाशी आडवे उभे राहिले आणि त्याने काटे फुलवले.

कासव ओढ्यापर्यंत पोहोचले की नाही, याची खात्री प्रस्तुत लेखकाला कधीच करून घेता आली नाही. ऐकणाऱ्यांत मुले असली की खातूकाका "पोहोचलं हो" असे सांगत. केवळ मोठी माणसे असली की तो भाग गाळून पुढे जात.

तात्पर्य : वाईट योगायोगासाठी जो गुन्हेगार शोधतो, त्याला तो हटकून सापडतो, आणि एका निरपराधाला शिक्षा केल्यावर सत्य कबूल करणे इतके जड जाते, की माणूस त्यापेक्षा दुसरा निरपराध शोधतो.