बारावं नाव

"...तर मग सर, घेऊ की गाळू?"

आशुतोष ढोमणेनं वही पुढं केली. वैरागडे सरांनी ती घेतली नाही. त्यांच्या मांडीवर बास्केटची फाटलेली जाळी होती आणि ते सुतळीनं गाठी मारत बसले होते.

आशुतोष शहर संघाचा कोच आणि सरांचाच जुना विद्यार्थी. राज्य स्पर्धेसाठी बारा नावं पाच वाजेपर्यंत द्यायची होती. अकरा लिहून झाली होती, आणि आता वाजले होते तीन. मी आपला गुणफलक सांभाळणारा माणूस. मला कुणी काही विचारत नाही, म्हणून सगळं ऐकायला मिळतं.

बाराव्या नावाचा धनी कोर्टावर उभा होता. चरण टेकाम, कुरखेड्याचा, सहा फूट आठ इंच. संघाचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली पाय रोवून रिंगवरून उडालेला बॉल, रिबाउंड, ओढणारा. यंदा नाव आलं नाही तर खेळ सोड आणि घरी ये, असा बापाचा निरोप होता. हे सगळ्यांना माहीत होतं. चरण त्याबद्दल बोलत नसे.

"काय जमतं त्याला?" सरांनी विचारलं.

"सर, बास्केटखाली उभा राहिला की कुणाच्या बापाला हलत नाही. मॅचला अठरा पॉइंट, चौदा रिबाउंड. पाठ लावून वळायचं ना, ते मीच शिकवलं. रिबाउंडला कोपर कुठं ठेवायचं, तेही मीच."

"आणि जमत नाही काय?"

"फ्री थ्रो. दहात तीन! समोरच्यांना कळलंय आता. शेवटच्या दोन मिनिटांत मुद्दाम यालाच फाउल करतात. अडवणारं कुणी नाही, रेषेवर उभं राहून नुसता बॉल टाकायचा... तोही जात नाही. उपांत्य सामना यानंच घालवला."

"तो कुणी शिकवला?"

"काय?"

"फ्री थ्रो."

"मीच. पण ते त्याचं त्यालाच जमत नाही, सर."

"बरं," सर म्हणाले आणि त्यांनी एक गाठ आवळली.

जमलं ते कोचचं, चुकलं ते पोराचं. पंचवीस वर्षं मी हेच बघतोय, आणि दरवेळी डोकं फिरतं.

"दहा टाकायला सांग त्याला."

चरण रेषेवर गेला. आशुतोष बाकावर बसला, मांडीवर वही, हातात खटक्याचं पेन. चरणनं बॉल उचलला.

खट्.

बॉल रिंगवर आपटून बाहेर.

खट्.

बाहेर.

खट्.

आत...

दहात तीन. आशुतोषनं आकडा लिहिला. आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून तो जरा खूशच दिसला.

"पाहिलं ना सर?"

"ऐकलं," सर म्हणाले.

मग त्यांनी जाळी पहिल्यांदाच बाजूला ठेवली.

"तुझे किती जायचे रे, युनिव्हर्सिटीत?"

"दहात नऊ." हे सांगायला आशुतोषला आठवावं लागलं नाही.

"मग टाक ना बे. पेन दे इकडं. वही पण दे."

आशुतोष हसत उठला. त्यानं बाह्या सारल्या. चरण बॉल परत द्यायला बास्केटखाली जाऊन उभा राहिला. सर बाकावर बसले, थेट आशुतोष बसतो तसे, एक पाय पुढं आणि वही मांडीवर.

खट्.

आत. आशुतोषनं सरांकडे बघितलं. सरांनी काहीतरी लिहिलं. आत-बाहेरची खूण करायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लिहिलं.

खट्.

रिंगवरून बाहेर.

"हं," सर म्हणाले आणि पुन्हा लिहू लागले.

"काय लिहून राहिले, सर?"

"तू टाक."

खट्. तोकडा पडला. खट्. बोर्डाला लागून बाहेर. पाचवा तर बोर्डालाही लागला नाही, सरळ खाली आला. अरे देवा, म्हणालो मी, अर्थात मनातच.

"सर, ते पेन जरा..."

"काय झालं पेनला?"

"आवाज येतो."

"तुझंच आहे."

...

आशुतोष बॉल धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं बास्केटखाली बघितलं.

"चरण, तुला हे ऐकू येतं?"

"येतं ना, सर."

"मॅचमध्ये? एवढ्या आरडाओरड्यात?"

"तेव्हा तर जास्तच येतं."

"मग बोलला का नाहीस रे कधी?"

चरणनं थोडा विचार केला. "मला वाटलं, फ्री थ्रो असाच असतो."

तो हे रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या मनात तसलं काही नव्हतं.

आशुतोष बाकावर येऊन बसला.

"पण सर... पेन नसलं आणि तरीही चुकला तर?"

"चुकेल."

"मग?"

सरांनी जाळी पुन्हा मांडीवर ओढली.

"तू आत्ता पाचात चारदा चुकला. तुला कुणी गावी पाठवून राहिलं का?"

आशुतोषनं सरांच्या मांडीजवळची वही उचलली आणि पान उलटलं. सरांनी एवढा वेळ काय लिहिलं ते मीही वाकून बघितलं. नुसत्या रेघोट्या होत्या.

मग त्यानं यादीचा कागद काढला, सरांकडून पेन घेतलं आणि अकराव्या नावाखाली लिहिलं, चरण टेकाम. कागदाची घडी केली, उठला, सरांच्या पाया पडला. सवयीनं पेन खिशाला लावू लागला.

सरांनी मान वर न करता हात पुढं केला.

"पेन इथंच राहू दे."