शेवटच्या रांगेतली काजळी

"गुडघे आखडलेत म्हणते, तर कुणाला पटतच नाही. म्हणे, बसून बसून माजलीय!"

जनावरं अजून बोलत होती, तेव्हाची ही काजळी म्हैस. डबक्यात बसली की तिला उठता येईना. एक दिवस चिखलातच जीव जाईल, ही धास्ती तिनं घेतली.

तळ्याकाठी रोज सकाळी बगळेमास्तर कवायत घ्यायचे. काजळी तीन दिवस बाभळीआडून बघून परत गेली. सगळे हसतील, दुसरं काय! चौथ्या दिवशी मात्र गुपचूप शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

पहिल्या रांगेतून ठुमकी शेळी ओरडली, "अगं बाई, जमीन कशी हलली?"

सगळे फिदीफिदी हसले. काजळीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बाई जागची हलली नाही. एवढी छाती वाघालाही नसते, सांगून ठेवते.

तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मागे वळ!" सगळे वळले आणि शेवटची रांग पहिली झाली. आता सगळ्यांच्या पुढे काजळी!

"पुढचा उजवा पाय वर!"

घाबरून तिनं डावा उचलला. पण काय उचलला! गुडघा कडकड वाजला, तरी छातीपर्यंत नेला. तिचं बघून मेंढ्यांनी, गाढवांनी, वासरांनीही डावाच उचलला. त्यांना तरी कुठं येत होतं? रोज पुढच्याचंच बघून करायचे.

उजवा पाय आता शेवटच्या झालेल्या रांगेत एकटीचाच वर होता, अगदी जागच्या जागी उभ्या मास्तरांच्या चोचीसमोर. मास्तर खेकसले, "रांग कोण बिघडवतंय? ठुमकी!"