वस्तादाचा नातू

गुरांचे डॉक्टर वाघमोडे इतके किडकिडीत, की गाई आपल्याला माशी समजून शेपटी मारतात, असं ते स्वतःच सांगायचे. एकदा दूध संस्थेचे चेअरमन जयसिंगआण्णा भर सभेत त्यांच्यावर गरजले, "पोटात वासरू मोठं होऊन अडू नये म्हणून कालवड मी नुसत्या कडब्यावर ठेवली. नीट व्याली, पण आता पुन्हा गाभणच राहत नाही! रक्त अस्सल आहे, म्हणजे खोट कृत्रिम रेतन करणाऱ्या तुमच्या हातात. उद्यापासून गावात पाय ठेवू नका!"

"बरं," डॉक्टर म्हणाले, "जाण्याआधी जत्रेत तुमच्या पैलवानाशी एक कुस्ती खेळतो."

सभा खो खो हसली. "तुम्ही?" आण्णा म्हणाले. "शड्डू ठोकलात तर मांडी मोडेल!"

"का? माझे आजोबा तालमीचे वस्ताद होते. रक्त अस्सल आहे."

"नुसतं रक्त घेऊन काय चाटायचंय? अंगाला खुराक नको?"

"तेच म्हणतोय, आण्णा. ऐन वाढीच्या वयात मी होस्टेलच्या पातळ आमटीवर होतो, आणि तुमची कालवड कडब्यावर!"

पुढच्या कालवडीला आण्णांनी व्यायच्या आधीपासूनच पेंड चालू केली. डॉक्टरांना मात्र नुसता चहा पाजला, तोही अर्धा कप.