लहानू मिस्त्रीचा उतार

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि आसपासच्या गावांत मिळून ट्रॅक्टर एकच होता, तेव्हा बोरधऱ्यात लहानू मिस्त्री नावाचा माणूस होऊन गेला. तो एकुलता एक ट्रॅक्टर बोरधऱ्याचाच, सगळ्या गावानं मिळून घेतलेला. लाल रंगाचा होता म्हणे, पण रंग पाहिलेलं माणूस आता कुणी उरलं नाही.

लहानूच्या कानाची तर काय सांगावी गोष्ट! बाभळीची एक काठी होती त्याच्याकडे. तिचं एक टोक इंजिनावर ठेवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, हे दुखतंय, ते दुखतंय. धूरच येत नाही? मग डिझेल पोचत नाही, नळी बघा. पांढरा धूर येतोय? डिझेल पोचतंय पण पेटत नाही, जरा दम धरा. नुसतं टक् वाजून गप्प बसतोय? बॅटरीच्या तारा घासा की रे, आळशांनो! एकदा देवळाच्या पायरीवर तंबाखू मळता मळता त्यानं पलीकडच्या शिवारात चाललेल्या आपल्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "डिझेलात पाणी गेलंय, आता बंद पडंल." आणि पडला की! खोटं वाटतं ना? वाटू द्या. असं म्हणतात.

लहानूची बायको लवकर गेली होती. घरात तो आणि त्याची पोर तानू, दोघंच. तानू शेरडं राखायची, बापासाठी भाकरी थापायची आणि बाप इंजिनात डोकं घालून बसला की शेजारी उकिडवी बसून विचारायची, "आबा, काय म्हणतंय ते?" लहानूचा जीव होता तिच्यात. तो फार बोलायचा नाही, पण तिच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहायचा नाही.

एका वर्षी ऐन पेरणीत ट्रॅक्टरचा स्टार्टर गेला. लहानूनं काठी लावली आणि सांगितलं, "हा आतून खलास झालाय. काढून तालुक्याला न्यावा लागंल." पण पेरणी थांबते का कुणासाठी? लोक म्हणाले, मिस्त्री, आजचं काय ते बघा. तेव्हा लहानूनंच युक्ती काढली. चावडीपुढं माती टाकून एक उतार करायचा. संध्याकाळी ट्रॅक्टर वर चढवून ठेवायचा, सकाळी गिअर टाकून सोडून द्यायचा. घरंगळत खाली येईपर्यंत इंजिन धरतंच.

आणि धरलं! गावाला काय आनंद झाला म्हणता! घराघरातून माती आली, बायकांनी शेणानं सारवलं, पोळ्याला त्या उताराला हळदकुंकू वाहिलं. लोक म्हणायचे, लहानूचा उतार आहे तोवर बोरधऱ्याला कशाची फिकीर! स्टार्टर काढायचं राहून गेलं. पेरणी झाली, मग काढणी आली, मग लग्नसराई. बॅटरीच्या रिकाम्या खोक्यात कोंबडी अंडी घालू लागली. लहानूला कळत नव्हतं असं नाही. पण सारं गाव कौतुक करत असलं की माणसाची जीभ जड होते. तोही गप्प बसला. इथंच चुकलं बघा सगळं.

मग एके दिवशी भर दुपारी बांधावर तानूला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. शेरडं तशीच ओरडत राहिली आणि लोकांनी पोरीला उचलून चावडीपुढं आणलं. दवाखाना नदीपलीकडं, तालुक्याला. ट्रॅक्टर उतारावर उभाच होता. रंगनाथ ड्रायव्हरनं तो सोडला, इंजिन धरलं, मागं ट्रॉली जोडली. ट्रॉलीत गोधडीवर तानू, तिच्या उशाला लहानू आणि हाताशी येतील तेवढी माणसं. सगळ्यांना वाटलं, वाचली पोर.

टाकीत डिझेल तळाला गेलं होतं, ते घाईत कुणी बघितलं नाही. नदीची दरड उभी. ट्रॅक्टरनं तोंड खाली केलं तसं टाकीतलं डिझेल एका बाजूला गेलं आणि नळीत हवा शिरली. पात्रात उतरला, वाळूत थोडा चालला, खोकला आणि थांबला. नदी आटलेली होती. चहूकडे नुसती सपाट वाळू.

लहानूनं उडी टाकली. काठी लावायचीही गरज नव्हती. "हवा धरलीय. आत्ता काढतो," म्हणाला. त्यानं फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारू लागला. फेस आला, मग बुडबुडे आले, मग निव्वळ डिझेलची धार लागली. त्यानं स्क्रू आवळला. दुखणं बरोबर कळलं होतं, औषधही बरोबर झालं होतं. आता इंजिन फक्त एकदा फिरायला हवं होतं. पण फिरवणार कशानं? स्टार्टर मेलेला, आणि उतार राहिला चावडीपुढं.

"लावा जोर!" लहानू ओरडला. ट्रॉली सोडवून माणसांनी ट्रॅक्टरला खांदे लावले. चाकं वाळूत रुतली. पुन्हा लावले, आणखी रुतली.

ट्रॉलीतून तानूनं विचारलं, "आबा, निघालो का?"

"आत्ता निघू, बाई."

रंगनाथ म्हणाला, "मिस्त्री, राहू द्या हे. गोधडीची झोळी करू, खांद्यावर नेऊ पोरीला."

"पायी कधी पोचणार रे तुम्ही?" लहानू त्याच्या अंगावर धावून गेला. "इंजिन बरं झालंय! एकदा फिरलं की झालं. मला ऐकू येतंय ते!"

खरंच ऐकू येत असेल त्याला. कोण सांगणार? वाळू उपसली, चाकाखाली धोतरं घातली, पागोटी घातली. तानू पुन्हा म्हणाली, "आबा, निघालो का?" आणि तो पुन्हा म्हणाला, "आत्ता निघू." तिचा आवाज बारीक होत चालला होता. सगळ्या शिवारातलं ऐकणाऱ्या लहानूला तेवढं मात्र ऐकू आलं नाही.

शेवटी रंगनाथनं कुणाला न विचारता पोरीला उचललं आणि माणसं पळत सुटली. पलीकडची दरड चढायच्या आतच तानू गेली.

लहानू रडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं घमेलं घेतलं आणि चावडीपुढचा उतार खणायला लागला. माती डोक्यावर घ्यायची, नदीत न्यायची, ट्रॅक्टरपुढं टाकायची. लोक आडवे आले. "लहानू, अरे पोर गेली रे आता. कुणासाठी करतोस?" तो म्हणायचा, "तिनं विचारलंय. उत्तर द्यायचं राहिलंय." बायका पदर तोंडाला लावून आत जायच्या. काहींनी घमेली उचलून हात लावायला बघितलं, तर त्यानं तोही लावू दिला नाही.

वाळूवर मातीचा उतार टिकतो थोडाच! वारा यायचा, कड ढासळायची. चाकाच्या उंचीला आला की खचायचा. लहानू पुन्हा घमेलं भरायचा. त्याची दाढी वाढली, कपड्यांच्या चिंध्या झाल्या, रंगनाथनं आणलेली भाकरी वाळूतच पडून राहायची. चावडीपुढची माती संपली तशी तो आपल्या घराची भिंत खणू लागला. असं म्हणतात, की त्याचं घर असंच नदीला गेलं, पांढऱ्या मातीचं ढेकूळही मागं राहिलं नाही.

पाऊसकाळात वरच्या अंगाला ढग फुटला आणि नदीला लोंढा आला. गाव दरडीवर धावलं, हाका मारू लागलं. लहानू ट्रॅक्टरवर बसला होता. बाभळीची काठी कानाला होती. पाणी चाकाला लागलं, आसनाला लागलं. मग पाण्याच्या त्या गर्जनेत सगळ्यांनी आवाज ऐकला. धूर निघाला, आधी पांढरा, मग काळा, आणि इंजिन धडधडू लागलं. ना स्टार्टर, ना उतार! आणि लहानूचा आवाज आला, "निघालो गं, ताने!" एवढंच. पाणी ओसरल्यावर ना माणूस मिळाला, ना ट्रॅक्टरचा खिळा. रंगनाथ पुढं म्हातारा झाला, पण नदीकाठी बसला की म्हणायचा, खालून धडधड ऐकू येते. बाकी कुणाला येत नाही.

आता नदीवर पूल आहे आणि बोरधऱ्यात दारोदार ट्रॅक्टर आहेत. पण एकही ट्रॅक्टर उतारावर लावत नाहीत. चावडीपुढची जागा पाणसळ लावल्यासारखी सपाट ठेवली आहे. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळे ट्रॅक्टर नदीच्या वाळूत नेतात आणि बंद करतात. प्रत्येकाच्या ट्रॉलीत घरातली लेक बसते आणि विचारते, "आबा, निघालो का?" किल्ली फिरते, इंजिन धरतं आणि सारं गाव एका आवाजात सांगतं, "निघालो गं, ताने!"

आणि एखादा नाही झाला सुरू, तर? तर त्याला कुणी हात लावत नाही, काय बिघडलंय म्हणून बघतही नाही. पहिल्यांदा त्या पोरीला खांद्यावर घेतात आणि पळत नदीपार नेतात. ट्रॅक्टरचं मग बघतात.