ओंजळीतला आवाज

हे सांगायची मला मनाई आहे. म्हणून हळू सांगते. तुम्हीही हळूच ऐका.

एका राज्यात, जिथे डोंगर ढगांच्या वर होते आणि गुरं माणसांहून अधिक, तिथे एक राजा होता. पण त्याचा आवाज त्याचा नव्हता. लेबेको नावाच्या मांत्रिक प्रधानाने तो भोपळ्याच्या तुंब्यात कोंडला होता. प्रधान मनात जे आणी, तेच राजाच्या तोंडून निघे. राजा बिचारा हातांच्या खुणांनी नाही म्हणे. त्या खुणा फक्त त्याच्या मुलीला, लिनेओला, कळत. म्हणून सभेत मुलींना जागा नसतानाही ती राजाच्या डावीकडे बसे आणि सांगे, “राजा नको म्हणतो आहे.”

ब्लँकेटं पांघरलेले सरदार हसत. “राजाचं तोंड खोटं आणि ही पोर खरी?”

येत्या सभेत राज्याच्या नद्या शेजारच्या बलाढ्य राज्याला द्यायच्या होत्या. राजाच्या मुखातून सभेत निघालेला शब्द मागे घेता येत नसे.

लिनेओ हातोडीसारख्या डोक्याच्या पक्ष्याकडे गेली. त्याला सगळं ठाऊक असतं, पण विचारल्यावाचून तो सांगत नाही.

“कामं तीन,” पक्षी म्हणाला. “डोहातल्या सापाच्या कपाळीचा खडा आण. त्याच्या उजेडात आवाज ओळख. मग तो तोंडात धरून सभेत ने. वाटेत बोललीस, तर तो आवाज तुझा होईल.”

सापाने खड्याच्या बदल्यात तिची सावली मागितली. तिने दिली; तिला सावलीचं फारसं काम पडत नसे.

प्रधानाच्या माळ्यावर आधीच्या राजांचेही तुंबे टांगलेले होते. खड्याच्या उजेडात त्यातला एकच थरथरला. तिने बूच काढून आवाज तोंडात घेतला. तो कोमट होता, आणि त्याला बाबांच्या चिलमीची चव होती.

सभेच्या वेशीत प्रधान उभा होता.

“बोल, बाळ,” तो मायेने म्हणाला. “एक शब्द बोल, राज्य तुझं. नाहीतर तुझ्या खुणांची गरज संपली की बाप तुला शेजारी बसवेल, असं वाटतं तुला?”

लिनेओने ओठ आवळले आणि ती पुढे गेली.

तिने बापाच्या ओंजळीत फुंकर घातली. राजा ती ओंजळ प्याला. मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, “नद्या आपल्या आहेत. त्या कोणाला द्यायच्या नाहीत.”

प्रधान जागच्या जागी मुका झाला. सरदार म्हणाले, “आम्ही तरी दुसरं काय म्हणत होतो?”

राजाने डावीकडे पाहिलं. इतकी वर्षं तिच्याशी बोलणारे हात आता ब्लँकेटखाली स्वस्थ होते.

“मुली सभेत बसत नाहीत,” तो म्हणाला. “आणि झाल्या गोष्टीची वाच्यता नको. राजाचा आवाज हरवला होता, हे लोकांत शोभत नाही.”

उच्चार अगदी स्पष्ट होते.

शाप सुटला. नद्या वाहतात, गुरं पाणी पितात, सभा रीतीप्रमाणे भरते. लिनेओ कुडापलीकडे आंबील ढवळते. तिथवर शब्द पोहोचत नाहीत, नुसता आवाज येतो. ढवळता ढवळता कधी वाटतं, त्या वेशीत तोंड उघडलं असतं, तर पहिलं वाक्य मी

“लिनेओ, सभा उठली. आंबील आण.”