काळी काच आणि थरांचा दगड

डोंगराची आग निवून तिची काळी काच झाली होती आणि दगड अजून बोलत होते, तेव्हाची ही गोष्ट.

ओढ्याकाठी ती काच होती, शेजारी थराथरांचा दगड. धुळाबाई धनगरीण तिथं रोज यायची. तिची लेक ठकू पुरात गेली होती. गाव म्हणत होतं, आता पोरीच्या नावानं गवताची बाहुली जाळू. एकदा ती जाळली, की शोध संपला.

"माझी लेक दाखव गं," धुळाबाई काचेला म्हणे.

"बघ की!"

आत धुळाबाईच दिसे. पण एके दिवशी ती रडत होती, आणि काचेतली हसत होती. "बस इथंच माझ्यापाशी."

दगड कळवळला. "बाई, ही काच एका क्षणात जन्मली. तिला कालचं काय ठाऊक? पुराचा गाळ माझ्यावर बसलाय. पहार घाल."

"त्या मातेऱ्याचं काय ऐकतेस?" काच फिसकन हसली.

"तू फुटशील, बाबा," धुळाबाई दगडाला म्हणाली.

"त्याशिवाय उघडू कसा?"

तिनं पहार घातली. वरचा थर निघाला. खाली इवलं पाऊल उमटलं होतं, अजून ओलं. बोटं ओढ्याकडं नव्हती, रानाकडं होती.

सांजेला धुळाबाई रानात सापडलेल्या ठकूला पाठुंगळी घेऊन दुसऱ्याच वाटेनं गावात शिरली. काचेतली मात्र तिथंच राहिली. कुणी डोकावलं, की ती हसून विचारते, "माझी लेक दिसली का?"